घरबसल्या हायकोर्ट

वकील कसा ओळखावा, याबद्दल देवळीत कधी मतभेद नव्हते. सकाळी नऊ-साडेनऊला काळा कोट खांद्यावर टाकून जो वर्ध्याच्या रस्त्याला लागतो, ज्याच्या डिकीत फायली आणि मागच्या सीटवर चिंतातुर पक्षकार असतो, आणि संध्याकाळी परत येताना जो पानठेल्यावर थांबून "तारीख भेटली" असं जाहीर करतो, तो वकील. आमच्या शेजारचा मुलगा या कसोट्यांवर साफ नापास. तो कुठे जात नाही, त्याच्या मागे कोणी बसत नाही, आणि पानठेल्याकडे त्याची पावलं वळतात ती रात्री अकराला, ठेला बंद झाल्यावर. तरी तो वकील आहे. बार कौन्सिलची सनद आईने फ्रेम करून देव्हाऱ्याच्या वर टांगली आहे, आणि महिन्याच्या महिन्याला खात्यात पगार पडतो. गल्लीला खरा संशय आला तो या पगाराचा. पगार मास्तरला असतो, तलाठ्याला असतो. वकिलाला फी असते, आणि ती बुडते.

त्याचं पद आहे 'लिटिगेशन असोसिएट'. फर्म मुंबईची म्हणावी, तर मुंबईत तिचं ऑफिस म्हणजे फोर्टातली एक खोली. तीत एक कपाट आणि एक क्लार्क मावतो, तोही कपाट बंद असेल तर. एक पार्टनर पुण्याला, दुसऱ्या मॅडम दिल्लीला, एक असोसिएट इंदूरला, एक कोचीला आणि एक आमच्या गल्लीत. ही सगळी मंडळी दिवसभर एकमेकांशी बोलतात, रात्री एकमेकांचे मसुदे लाल करतात, पण भेटत नाहीत. एकदा सगळे लोणावळ्याला जमले. परत आल्यावर कोर्टकचेरीचं काहीच न सांगता तो म्हणाला, "काका, आमच्या मॅडम माझ्यापेक्षा वीतभर उंच निघाल्या. स्क्रीनवर सगळेच खांद्यापासून सुरू होतात ना, कळतच नाही."

असे लेकरू आता एकट्या देवळीत नाही. हिंगणघाटला असेल, आर्वीला असेल, तुमच्याही गावात कुणाच्या तरी माडीवर असेल. दार लोटलेलं, दाराबाहेर चपला, आणि आतून इंग्रजीत कुणाची तरी माफी मागत असल्याचा आवाज. समजावं, सुनावणी चालू आहे.

देवळीला रेल्वे यायला 2024 चा फेब्रुवारी उजाडावा लागला. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गातला वर्धा ते कळंब हा तुकडा 28 फेब्रुवारीला सुरू झाला आणि गावाच्या नव्या स्टेशनात गाडी थांबू लागली. हायकोर्ट मात्र चार वर्षं आधीच येऊन बसलं होतं. 2020 च्या मार्चात मुंबईच्या खोलीला कुलूप लावून हा मुलगा एक सुटकेस आणि एक लॅपटॉप घेऊन घरी आला. एप्रिलच्या 6 तारखेला सुप्रीम कोर्टाने देशभरच्या कोर्टांना व्हिडिओवरून काम चालवण्याचे निर्देश दिले, आणि बघता बघता माडीवरच्या कापसाच्या खोलीत न्यायमूर्ती दिसायला लागले. कापूस त्या वर्षी घरातच पडून होता. त्यामुळे सुरुवातीच्या सुनावण्यांत त्याच्या मागे पांढराशुभ्र ढीग दिसे, आणि समोरच्या वकिलांना वाटे की याने पाठीमागे हिमालयाचं चित्र लावलं आहे.

साथ गेली, कापूस विकला, मुलगा राहिला. वडिलांनी दोनदा विचारून पाहिलं, "आता कोर्टं उघडली म्हणतात. तू कधी जाणार?" त्यावर त्याने सुप्रीम कोर्टाचा 6 ऑक्टोबर 2023 चा आदेश छापून भिंतीवर कालनिर्णयच्या शेजारी चिकटवला. कोणत्याही हायकोर्टाने वकिलाला व्हिडिओवरून हजर राहण्याची सोय नाकारू नये, असा तो आदेश. वडील चष्मा लावून ते इंग्रजी दोनदा वाचून गेले आणि आईला म्हणाले, "पाय, याच्यावर आता सुप्रीम कोर्टाचा स्टे हाय. आपल्याच्यानं हा निघत नाही."

त्याचा दिवस आदल्या रात्री सुरू होतो. उद्याचं बोर्ड आलं की तो त्यात आपला आयटम शोधतो. 37 नंबर. या 37 मध्ये त्याचं सगळं भविष्य असतं. पहिले दहा झटपट उरकले तर जेवणाच्या सुटीआधी नंबर लागेल. एखाद्या सीनियर वकिलाने बाराव्या आयटमला तास लावला तर संध्याकाळपर्यंत लागणार नाही. म्हणून साडेदहाला तो कोट-बँड घालून बसतो आणि एका डोळ्याने डिस्प्ले बोर्ड पाहत पाहत दुसऱ्या मॅटरच्या तारखांची यादी करत राहतो. गल्लीला दिसतं ते एवढंच की पोरगा नटूनथटून खिडकीत बसला आहे आणि दुपार झाली तरी एक शब्द बोललेला नाही.

"काऊन जी वकीलसाहेब, आज कोर्टात नाई गेले काय?" समोरचे निवृत्त गुरुजी रोज विचारतात.

"कोर्टातच हाय ना गुरुजी."

"हो काय. मले वाटलं घरीच हा."

हा संवाद इतका ठरलेला आहे की एखाद्या दिवशी गुरुजी वर्ध्याला गेले तर त्यालाच चुकल्यासारखं होतं.

नागपूरचं खंडपीठ इथून शंभरेक किलोमीटरवर. पण त्याची बहुतेक मॅटर मुंबईची. पक्षकार ठाण्याचा, प्रतिवादी बेंगळुरूचा, करार पुण्यात झालेला, आणि भांडण चाललंय देवळीच्या माडीवरून. एकदा सुदैवाने नागपूरचंच मॅटर आलं. घरात आनंद झाला, आईने डबा कोणता द्यायचा याचा विचार केला. तो वर गेला आणि अर्ध्या तासात खाली आला. "झालं नागपूर." वडील म्हणाले, "जाऊन आला असता तर चार संत्री तरी आणली असती."

त्याच्या वेशाबद्दल गल्लीतल्या बायकांचं स्वतंत्र निरीक्षण आहे. त्याच्या घरच्या दोरीवर पांढरे शर्ट ओळीने वाळतात, पण पँट दिसत नाही. कारण उघड आहे. टेबलाच्या वरचा भाग हायकोर्टाचा, खालचा देवळीचा. वर पांढरा शर्ट, बँड, काळा कोट. खाली चौकड्यांचा बर्मुडा. लॉकडाउनमध्ये तर सुप्रीम कोर्टाने कोट-गाऊनलाही सूट देऊन नुसता पांढरा शर्ट आणि बँड चालेल असं परिपत्रक काढलं होतं. त्या काळात राजस्थान हायकोर्टात एक वकील बनियनवर हजर झाले आणि जामिनाची सुनावणी पुढे गेली; सुप्रीम कोर्टासमोर दुसरे एक जण टी-शर्टात पलंगावर आडवे दिसले आणि त्यांना माफी मागावी लागली. 2021 मध्ये टेक्सासच्या एका वकिलाचं तोंड पडद्यावर मांजरीच्या पिलाचं झालं आणि ते त्याला काही केल्या काढता येईना. या तिन्ही गोष्टी आमचा मुलगा पाठ म्हणून दाखवतो, आणि त्याच्या बोलण्याचा रोख असा असतो की त्या मानाने बर्मुडा म्हणजे काहीच नाही.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. बार कौन्सिलचा नियम असा की उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, अपवाद सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे उंच छताची दगडी इमारत असावी; टिनाच्या छपराखालची देवळीची माडी नसावी. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा विदर्भातला माणूस कूलरच्या भरवशावर जगतो, आणि कूलर चालू असला की मुंबईच्या न्यायमूर्तींना मागे विमानाचं इंजिन लागल्यासारखं ऐकू येतं. म्हणजे नंबर लागला की कूलर बंद, पंखा एकवर, खिडकी बंद, कोट अंगात.

असा एक दिवस मी त्यांच्या ओसरीतून पाहिला आहे. "चौतीस चालू!" असं वरून ओरडून सांगितलं गेलं. त्यासरशी आई लाटणं ठेवून उठल्या, कुकर गॅसवरून उतरवला, आणि हातात काठी घेऊन ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. हायकोर्टात चोपदार असतो म्हणतात. त्याने यांच्याकडे महिनाभर उमेदवारी करावी. भाजीवाल्याचा "वांगे घ्याऽऽ" मधला 'वां' तोंडातून निघाला होता, 'गे' त्यांनी काठीच्या इशाऱ्यावर गिळायला लावला. भंगारवाल्याचा भोंगा बंद. अंगणात कबुतरांसाठी टाकलेले दाणे झाडून टाकले. टिनावर चार वानरं बसली होती, त्यांच्यासाठी परसात पोळीचे तुकडे ठेवून ती तिकडे वळवली. केंद्राने 2023 मध्ये ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला 7,210 कोटी रुपये मंजूर केले. त्यात वानरांच्या पोळ्या धरलेल्या नाहीत. त्या आईंच्या खात्यात.

वर आवाज सुरू झाला. "मिलॉर्ड, ॲम आय ऑडिबल?" दोन मिनिटं सगळं सुरळीत होतं. गल्ली श्वास रोखून होती. आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून नगरपरिषदेची कचरागाडी आली, आपलं गाणं पूर्ण आवाजात लावून. तिच्यापुढे काठी चालत नाही, ती सरकारी. आई हात जोडून आडव्या गेल्या, पण व्हायचं ते झालं. न्यायमूर्तींनी विचारलं, हा काय आवाज आहे? क्षणभर वर शांतता. मग आमच्या पठ्ठ्याचा आवाज आला, "लोकल सेल्फ-गव्हर्नमेंट, मिलॉर्ड."

कोर्ट हसलं. समोरचे नामवंत सीनियर हसले. आणि त्या हसण्याच्या भरात याने मागितलेले दोन आठवडे मिळाले. घामाने चिंब होऊन, पण विजयी मुद्रेने तो जिना उतरला. वडिलांनी विचारलं, "काय झालं?"

"दोन आठवडे मिळाले."

"म्हणजे तारीखच ना?"

"हो."

"मंग वर्ध्याच्या कोर्टात काय वाईट होतं?"

या प्रश्नाचं उत्तर त्याच्या फर्मच्या दोन्ही पार्टनरांकडेही नसावं.

घरून काम केल्याने माणूस घरात राहतो हा एक गैरसमज आहे. कोर्ट घरात येतं आणि मग घर कोर्टासारखं बोलायला लागतं. फोन लागला नाही तरी हा जेवणाच्या ताटावरून विचारतो, "आई, मी ऑडिबल आहे का?" वांग्याची भाजी वाढली तर "खातो, पण हक्क राखून." वडिलांनी बाजारातून काय आणायचं विचारलं तर "इन्स्ट्रक्शन घेऊन सांगतो," आणि तो आईला विचारायला जातो. मोरीतला गळका नळ 2019 पासून दुरुस्त करायचा आहे. आईने वर्षं मोजून दाखवली तेव्हा त्याने गंभीर चेहऱ्याने सांगितलं की सुप्रीम कोर्टाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला आहे, त्यामुळे नळाला अजून वेळ आहे.

आई नववी शिकलेल्या, पण ऐकून ऐकून तयार झाल्या आहेत. मुलींची स्थळं येतात, हा "पाहू" म्हणतो आणि कागद दाबून ठेवतो. शेवटी एकदा त्यांनी त्याला जेवतानाच गाठलं. "तुमच्या त्या कमर्शियल दाव्यात लेखी जबाब कितीक दिवसात द्या लागते?"

"जास्तीत जास्त 120. का?"

"मंग काही नाही. पुलगावच्या स्थळाले आज 120 झाले. तुहा हक्क गेला. आता मी बोलावून रायली त्यायले."

त्याला घास गिळता येईना. अपील करायला वडील होते, पण ते पेपरात तोंड घालून बसले होते.

त्याची दुसरी बेडी म्हणजे टाइमशीट. फर्मला सहा-सहा मिनिटांचा हिशोब लागतो. सहा मिनिटं म्हणजे 0.1 तास. एका मसुद्याला 1.4, फोनवर बोलण्याला 0.3, मॅडमनी रात्री साडेअकराला 'क्विक कॉल?' म्हणून केलेल्या न संपणाऱ्या कॉलला जे काय होईल ते. या हिशोबाची त्याला इतकी सवय झाली आहे की दळण आणून आला की तोंडातून निघतं, "0.4 गेले." आणि तरी जे सर्वांत जास्त जातं ते कुठेच लिहिता येत नाही, कारण ते फोर्टातल्या क्लार्कचं असतं.

हा क्लार्क म्हणजे साडेसातशे किलोमीटरवरून त्याच्यावर राज्य करणारा माणूस. याने रात्र जागून 400 पानांचं कॉम्पिलेशन करावं, इंडेक्स करावा, बुकमार्क लावावेत, आणि सकाळी फोन यावा, "सर, डिपार्टमेंटने ऑब्जेक्शन काढलंय. पान 214 पुसट आहे." हायकोर्टात जिंकलेला माणूस पान 214 पुढे हात टेकतो. मग सगळं पुन्हा स्कॅन. पार्टनरशी तो इंग्रजीत बोलतो, न्यायमूर्तींशी अदबीने बोलतो, पण क्लार्कशी बोलताना उभा राहतो. हे मी खिडकीतून पाहिलं आहे.

आता एवढं ऐकून वाटेल की गल्लीला त्याचा काही उपयोग नाही. सुरुवातीला गल्लीचंही तेच मत होतं. कोट्यवधींच्या लवादाची कागदपत्रं लिहिणाऱ्या या मुलाला तहसीलमध्ये फेरफाराची नक्कल कोणत्या टेबलावर मिळते हे माहीत नव्हतं, आणि त्या दिवशी वडिलांना खरंच वाईट वाटलं होतं. गाडी रुळावर आली ती कृषी केंद्रवाल्यामुळे. त्याला एका गिऱ्हाइकाने दिलेला चेक परत आला होता. तो सहज म्हणून बोलला, आणि आमच्या मुलाने जिन्यावर बसल्या बसल्या सांगितलं: बँकेचा मेमो आल्यापासून 30 दिवसांच्या आत नोटीस पाठवा, नोटीस पोचल्यावर त्याला 15 दिवस द्या, तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार, एकही तारीख चुकवू नका. नोटीसही त्यानेच लिहून दिली. पैसे दहाव्या दिवशी आले.

तेव्हापासून संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बैठक असते. कुणाचा धुऱ्याचा वाद, कुणाच्या बहिणीचं वारसानात नाव राहिलेलं, कुणाला पीक विम्याचा नकार आलेला. खर्रा घोटत मंडळी बसतात आणि तो लॅपटॉप मांडीवर घेऊन एकेकाचं ऐकतो. मुंबईला असताना बाररूममध्ये ज्या गप्पा व्हायच्या, कोणत्या कोर्टात काय घडलं, कोण कुणावर चिडलं, त्या तो आता या लोकांना सांगतो आणि लोक त्या अशा ऐकतात की जणू कुस्त्यांची दंगल चालली आहे. "मंग समोरच्या वकिलानं काय डाव टाकला?" हा प्रश्न पैलवानांच्या गावातच पडू शकतो. फी घेत नाही. कुणी तुरी आणून देतं, कुणी बोरं. टाइमशीटमध्ये याला रकाना नाही, आणि माझा अंदाज असा की मुंबईला परत न जाण्याचं कारण सुप्रीम कोर्टाचा आदेश नसून ही बैठक आहे. पण हे त्याच्यापुढे म्हटलं की तो म्हणतो, "नाकारतो. पुरावा द्या."

वडिलांचाही सूर बदलला आहे. आता कुणी "पोरगा घरीच असते काय?" असं विचारलं तर ते सेवाग्रामचा दाखला देतात. 1936 मध्ये एक बॅरिस्टर याच जिल्ह्यातल्या शेगावात येऊन राहिला, तिथल्या कुटीत बसून त्याने देश चालवला, आणि व्हाइसरॉयला त्याच्याशी बोलता यावं म्हणून आश्रमात फोन बसवावा लागला. तो फोन आजही तिथे पाहायला मिळतो. "घरून काम करणं वर्धा जिल्ह्याले नवं नाही," असं म्हणून ते विजयाने पाहतात. गुरुजी मात्र हटत नाहीत. "ते खरं हाय. पण बापूनं कोट आधीच उतरवला होता."

पुलगावचं स्थळ ठरल्या दिवशी आलं, ते नेमकं पस्तिसावा आयटम चालू असताना. मुलीचे वडील, एक मामा आणि हातात गोरस पाकाचा पुडा. आईने दारातच तोंडावर बोट ठेवलं. पाहुण्यांना ओसरीत बसवलं, खुणेने पाणी दिलं, खुणेनेच चहात साखर किती ते विचारलं. पुढचा पाऊण तास होणाऱ्या सासऱ्याने एक शब्द उच्चारला नाही. वरून इंग्रजी येत होतं, मध्येच "ऑब्लाइज्ड" येत होतं, आणि प्रत्येक वेळी मामा मान डोलावत होते. कूलर बंद होता. गोरस पाकाचा पुडा हळूहळू मऊ पडत चालला होता.

अखेर दार उघडलं आणि वकीलसाहेब धडाधड जिना उतरून थेट पाहुण्यांपुढे येऊन उभे राहिले. कोट, बँड, आणि खाली चौकड्यांचा बर्मुडा. मुलीच्या वडिलांनी वरून खालपर्यंत पाहिलं, मग खालून वरपर्यंत. आईने डोळे मिटले. पगार किती, मुंबईला घर आहे का, पुढे काय विचार, यातलं काहीच त्या गृहस्थांनी विचारलं नाही. त्यांनी पिशवीत हात घातला, एक मळकी फाइल काढली आणि म्हणाले, "जावईबापू म्हणावं की नाही ते मागून पाहू. आधी हे सांगा, शेजाऱ्यानं आमचा धुरा तीन फूट कोरला हाय. मोजणी झाली. आता मनाईसाठी अर्ज लावू का थांबू?"

दोघे जे बसले ते दिवेलागणीपर्यंत. सातबारा झाला, मोजणीचा नकाशा झाला, 1998 चा एक जबाब झाला. मामा पेंगले. मुलीचा विषय निघालाच नाही. पाहुणे गेल्यावर आईने जीव मुठीत धरून विचारलं, "काही बोलले काय ते?"

"नाही. कागदं ठेवून गेले."

आईने सुटकेचा श्वास टाकला आणि कूलर चालू केला. "कागदं ठेवून गेले म्हणजे पक्कं समज. माणूस पोरगी एकवेळ कोणालेही देईल, सातबारा नाही देत."